राजा नेमायचा कोणी: देवानं, लोकांनी की चिठ्ठीनं?

नौपाडेकर_नाना

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकतो. मे २०२५ मध्ये नवे पोप निवडले गेले, तेव्हा कचराळी तलावावरच्या आमच्या सकाळच्या कंपूत वाद पेटला. एकाचं म्हणणं, ज्यू-ख्रिस्ती-मुसलमान तिघांकडे राज्यकर्ता देवच ठरवतो, लोकांनी फक्त मान डोलवायची. दुसरा म्हणाला, मग १३३ कार्डिनल दारं लावून मतं कसली टाकत होते? पोप हा काही राजा नव्हे, असं तिसऱ्यानं सुनावलं. व्हॅटिकनचा राजाच की, असं पहिल्यानं उलट सुनावलं. चहा गार झाला.

मग मी मराठी बायबल आणि कुराणाचं मराठी भाषांतर, दोन्ही मिळवून वाचलं. माझं मत असं झालंय की राज्यकर्ता निवडायची ठरीव पद्धत मूळ ग्रंथांत कुठेच नाही. अटी आहेत, ताकिदी आहेत, घडलेले प्रसंग आहेत. पद्धत मागाहून आलेल्यांनी गरजेप्रमाणे बसवली.

नमुना म्हणून बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक, अध्याय १७ बघा. इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा हवा असं तुम्ही म्हणाल, तेव्हा देव निवडील तोच नेमा. तो तुमच्या भाऊबंदांतला हवा, परका नको. त्यानं फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोनंचांदी साठवू नये. नियमशास्त्राची नक्कल जवळ ठेवावी आणि जन्मभर वाचावी. देवानं कोणाला निवडलंय हे ओळखायचं कसं, याबद्दल तिथे चकार शब्द नाही.

जाणकारांनी भर घालावी. आजच्या पक्षांची नावं नकोत, एवढी विनंती.

घोडबंदरी

गायमुखला अडकलोय, त्यामुळे तासभर तरी सगळं वाचणार. येऊ द्या.

शनिवारतेली

नाना, छान धागा. आम्हा ज्यूंकडे हा वाद तालमूदच्या, म्हणजे रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) जुन्या चर्चाग्रंथाच्या काळापासून चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. रब्बी यहूदा म्हणतात, देशात शिरल्यावर राजा नेमणं ही आज्ञाच होती. रब्बी नहोराय म्हणतात, छे, लोक कुरकुरणार हे माहीत होतं म्हणून ती सोय लिहून ठेवली. दोन्ही मतं एकाच पानावर, शेजारी शेजारी.

पण खरी गंमत १ शमुवेल ८ मध्ये आहे. देवाचा संदेष्टा शमुवेल म्हातारा झालाय, त्याची पोरं लाच खातात. वडीलधारे येऊन राजा मागतात. शमुवेलाला ते आवडत नाही. देव त्याला सांगतो, त्यांनी तुला नाही, मला नाकारलंय. तरी त्यांचं ऐक, फक्त राजा काय करील ते आधी बजावून सांग. मग शमुवेल यादी वाचतो: तुमचे मुलगे रथांपुढे धावायला नेईल, मुलींना अत्तरं करायला, स्वयंपाकाला आणि भट्टीवर लावील, उत्तम शेतं नि द्राक्षमळे काढून आपल्या चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, गाढवंसुद्धा नेईल. शेवटी तुम्ही ओरडाल आणि देव ऐकणार नाही. एवढं ऐकूनही लोक म्हणतात, ते असू दे, आम्हाला राजा हवाच!

आणि मग पहिला राजा शौल, त्याची निवड एकदा नाही, तीनदा होते. आधी शमुवेल एकट्यात त्याच्या डोक्यावर तेल ओततो, म्हणजे अभिषेक करतो. मग मिस्पाला सगळ्यांसमोर चिठ्ठ्या: आधी वंश, मग कूळ, मग माणूस. नाव शौलाचं निघतं आणि शौल गायब! शोधतात तर गडी सामानसुमानात लपलेला. तरी काही जण 'हा काय आम्हाला तारणार' म्हणून नाक मुरडतातच. पुढे तो एक लढाई जिंकतो, तेव्हा कुठे गिलगालला लोक त्याला राजा करतात. आता यात देवाची निवड कुठे संपते आणि लोकांची कुठे सुरू होते, सांगा बरं.

सानपाडा_सायली

मिस्पा म्हणजे सिडकोची सोडतच की! फरक एवढाच की आमच्याकडे नाव लागलेला माणूस लपत नाही, पेढे वाटतो.

तर्कटराव

@सायली, ज्यांची नावं लागली नाहीत ते नाक मुरडतात, तेवढं मात्र तंतोतंत जुळतं.

@शनिवारतेली, आयडीचा अर्थ काय हो? तेलाच्या धंद्यात आहात का?

शनिवारतेली

आजोबांचे आजोबा होते. कोकणात आम्हा बेने इस्राएलींना शनिवार तेली म्हणायचे, कारण घाणा शनिवारी बंद. आम्ही मूळचे अलिबागकडचे. ठाण्यात इतकी वर्षं आहोत की इथलं सिनेगॉगच १८७९ चं आहे. विषयाशी संबंध हवा असेल तर, आमच्या गावपंचायतीत मुकादम असायचा आणि काजीही असायचा. काजीचं पद काही घराण्यांत बापाकडून मुलाकडे जायचं, तर मुकादम कोण यावरून भांडणं व्हायची. आजी अशा एका भांडणाची गोष्ट सांगायची, पण ती इथे नको, दोन्हीकडची मंडळी अजून नात्यात आहेत.

कौसा_कट्टा

शनिवारतेली यांनी शौलाचा विषय काढला ते बरं झालं. तोच प्रसंग कुराणात आहे, सूरह अल-बकरा, आयत २४६-२४७. तिथे शौलाचं नाव तालूत. बनी इस्राईल आपल्या नबीकडे राजा मागतात. अल्लाहनं तालूतला नेमलंय असं कळल्यावर त्यांची पहिली तक्रार काय? याच्याकडे पैसा कुठाय? याच्यापेक्षा आमचा हक्क मोठा. उत्तर मिळतं, त्याला ज्ञान आणि शरीरबळ जास्त दिलंय. म्हणजे श्रीमंती आणि घराणं हे निकष तिथल्या तिथे बाजूला पडले.

पण नाना म्हणतात ते इस्लामपुरतं तरी मला पटतं. कुराणात शूरा म्हणजे सल्लामसलत आहे (४२:३८), अमानत ज्याची त्याला द्या आणि न्यायानं निवाडा करा हे आहे (४:५८), सत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांचं ऐका हेही आहे (४:५९). पण पैगंबरांनंतर कोण आणि कसा, याची कृती दिलेली नाही. त्यामुळे पहिल्या चार खलिफांची निवड चार तऱ्हांनी झाली.

६३२ मध्ये मदिनेत सकीफा बनी साईदा नावाच्या ओसरीत अन्सार, म्हणजे मदिनेतले मुसलमान, जमले होते. आमच्यातला एक, तुमच्यातला (मक्केहून आलेल्यांतला) एक, असाही प्रस्ताव आला. शेवटी हजरत उमर यांनी हजरत अबू बक्र यांचा हात हातात घेतला आणि बैअत केली, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली, मागोमाग इतरांनी. अबू बक्र यांनी जाण्याआधी विचारविनिमय करून उमर यांचं नाव सांगितलं. उमर यांनी ६४४ मध्ये, जखमी होऊन पडलेले असताना, सहा जणांची समिती नेमली: उस्मान, अली, तल्हा, जुबैर, साद आणि अब्दुर्रहमान बिन औफ. आपल्या मुलाला त्यांनी सल्ला द्यायला बसवलं, पण त्याला खलिफा करायचं नाही असं आधीच बजावलं. अब्दुर्रहमान यांनी स्वतःचं नाव मागे घेतलं आणि लोकांना विचारत फिरले. निवड उस्मान यांची झाली. चौथे हजरत अली, उस्मान यांच्या हत्येनंतरच्या गोंधळात, मदिनेतल्या लोकांच्या आग्रहावरून.

आणि एक हदीस (पैगंबरांचं वचन) आमच्या जमातीच्या सभेत दर निवडणुकीला कोणीतरी ऐकवतोच: जो पद मागतो किंवा त्याची हाव धरतो, त्याला आम्ही ते देत नाही. ऐकवणारा बहुतेक वेळा स्वतःच उभा असतो, ही गोष्ट वेगळी.

आज्जी_खारघर

हे शेवटचं वाचून इतकी हसले की सूनबाई बघायला आली.

तर्कटराव

सगळं वाचलं. सगळं गोड. पण या पुस्तकातल्या गोष्टी झाल्या. प्रत्यक्षात? दावीदानंतर त्याचा मुलगा, मग त्याचा मुलगा. पुढचे खलिफा मुआविया यांनी हयातीतच आपला मुलगा यझीद याच्यासाठी बैअत गोळा केली, आणि ६८० मध्ये करबलाची कत्तल. युरोपात तर मुलगा, नसेल तर मुलगी, तीही नसेल तर युद्ध. सल्लामसलत, चिठ्ठ्या, तेल हे सगळं तलवारीनं निकाल लागल्यावरचं. विजयी माणसाच्या डोक्यावर तेल ओतायला पुजारी कधीच कमी पडला नाही.

नानांच्या पहिल्या मित्राचंच बरोबर आहे. 'देवानं नेमला' याचा अर्थ 'आता प्रश्न विचारू नका'.

पाचपाखाडीची_मारिया

तर्कटराव, अर्धं मान्य. आम्हा ख्रिस्त्यांकडचं सांगते, मग ठरवा.

नव्या करारात राजा कसा निवडावा याचा विषयच येत नाही, कारण लिहिणाऱ्यांच्या हातात सत्ता येण्याची शक्यताच नव्हती. रोमन साम्राज्यातली मूठभर माणसं ती. त्यामुळे प्रश्न निवडण्याचा नव्हताच, वागायचं कसं याचा होता. कैसराचं कैसराला, देवाचं देवाला. 'माझं राज्य या जगाचं नाही.' पौल रोमकरांना लिहितो, असलेले अधिकार देवानं नेमलेले आहेत; त्यांच्या अधीन राहा. यावर सतराव्या शतकापर्यंत राजे चैन करत होते, इंग्लंडच्या पहिल्या जेम्सनं तर राजाच्या दैवी हक्कावर लिहूनच काढलं. पण प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र न्यायसभेसमोर म्हणतो, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. तेही वाक्य त्याच पुस्तकात आहे, आणि विरोध करणाऱ्यांनी ते कायम हाताशी ठेवलं.

मंडळीच्या आत मात्र निवड होती. येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या जागी बारावा प्रेषित घ्यायचा तर मत्थिया चिठ्ठी टाकून घेतला (सायली, पुन्हा तुमची सोडत). पुढच्याच काही पानांवर विधवांच्या जेवणावरून तक्रार आली, तेव्हा प्रेषित सगळ्यांना म्हणाले, तुमच्यातले सात जण तुम्हीच निवडा. आणि ३७४ मध्ये मिलानचा बिशप वारला, तेव्हा भांडण मिटवायला गेलेला सरकारी अधिकारी अँब्रोज, त्यालाच लोकांनी 'बिशप! बिशप!' म्हणून उचलून धरलं. त्याचा तेव्हा बाप्तिस्माही झालेला नव्हता. तोही पळायला बघत होता.

सानपाडा_सायली

शौल सामानात, अँब्रोज पसार. चांगल्या उमेदवाराची खूणच ही दिसते.

शनिवारतेली

सायली, मग तुम्हाला बायबलमधल्या 'शास्ते' या पुस्तकाचा अध्याय ९ आवडेल. झाडं आपला राजा शोधायला निघतात. जैतून म्हणतं, मी माझं तेल सोडून तुमच्यावर डोलत कशाला बसू? अंजीर म्हणतं, माझा गोडवा सोडू? द्राक्षवेलही नाही म्हणते. शेवटी काटेझुडपाकडे जातात. ते लगेच तयार, वर म्हणतं, या माझ्या सावलीत! काटेझुडपाची सावली! आणि नाही आलात तर माझ्यातून आग निघेल. योथामानं ही गोष्ट डोंगरावर उभं राहून शखेमच्या लोकांना ऐकवली, सत्तर भावांना मारून राजा झालेल्या अबीमलेखाबद्दल. ऐकवून झाल्यावर तोही पळाला, पण ते जिवाच्या भीतीनं.

@तर्कटराव, वंशपरंपरेबद्दल. रहबाम शलमोनाचा मुलगा, दावीदाचा नातू. तरी त्याला राजा व्हायला शखेमला जावं लागलं, कारण उत्तरेकडचे वंश तिथे जमले होते. ते म्हणाले, तुझ्या बापानं जू जड केलं, ते हलकं कर. म्हाताऱ्यांनी रहबामाला गोड बोलायला सांगितलं. तरण्या दोस्तांनी दुसरंच शिकवलं. त्यानं उत्तर दिलं, बापानं चाबकानं मारलं, मी विंचवांनी मारीन. दहा वंश उठून गेले आणि यराबामाला राजा केलं. तलवार काढायच्या आधीच निकाल लागला होता. रहबामानं सैन्य जमवलंही, पण देवाच्या माणसानं येऊन सांगितलं, लढू नका, घरी जा.

तालमूदमध्ये याहून थेट एक गोष्ट आहे. निवासमंडपाच्या (देवाच्या तंबूवजा मंदिराच्या) कामावर बसालेल हा कारागीर नेमायचा होता. देव मोशेला विचारतो, हा तुला पसंत आहे का? मोशे म्हणतो, तुला पसंत, तर मला पसंतच. देव म्हणतो, तरी जा, लोकांना विचार. त्यावरून नियम निघतो की समाजाला विचारल्याशिवाय समाजावर प्रमुख नेमू नये. कारागिराच्या नेमणुकीवरून निघालेला नियम आहे हे खरं, पण रब्बींनी तो प्रमुखालाच लावला.

तर्कटराव

रहबाम मान्य. बाकी शंभर राजांचं काय?

शनिवारतेली

बाकी शंभरांबद्दल अबार्बनेल हा ज्यू विद्वान तुमच्या बाजूनं आहे. पोर्तुगाल, कॅस्टिल, नेपल्स अशा तीन दरबारांत त्यानं पैशाचे व्यवहार सांभाळले, १४९२ च्या हकालपट्टीत स्पेन सोडला. राजे इतक्या जवळून पाहून त्यानं लिहिलं की राजा लागतोच असं नाही. व्हेनिस, फ्लॉरेन्स, जेनोआ बघा, राजाशिवाय बरं चाललंय.

मासुंदा_मोदक

अवांतर: हा धागा रंगलाय तर रविवारी कट्टा करूया का? मामलेदार मिसळ, सकाळी साडेआठ. नवी मुंबईकरांनी ट्रान्सहार्बरनं यावं.

सानपाडा_सायली

येते. मध्यम तिखट. तिखट मागणारे नंतर गप्प बसतात हा अनुभव आहे.

घोडबंदरी

+१. मी मात्र सातलाच निघेन.

पाचरा

[प्रतिसाद काढून टाकला आहे. धाग्यात पक्षांची नावं नकोत असं धागाकर्त्यानं लिहिलंय आणि एका धर्माला दुसऱ्यापेक्षा हिणवणारं लेखन इथे चालत नाही. – संपादक]

आज्जी_खारघर

कौसा, एक भाबडा प्रश्न. शिया आणि सुन्नी यांचं वेगळेपण याच मुद्द्यावरून ना? माझ्या शाळेत बोहरा मैत्रीण होती, ती 'नस्स' म्हणायची ते काय?

कौसा_कट्टा

आज्जी, हो, गाभा हाच. मी सुन्नी आहे, त्यामुळे शियांचं म्हणणं जमेल तेवढं नीट मांडतो. त्यांच्या मते हा प्रश्न लोकांवर सोडलेलाच नव्हता. ६३२ मध्येच, अखेरच्या हजवरून परतताना गदीर खुम्म इथे पैगंबरांनी अली यांचा हात वर धरून 'मी ज्याचा मौला, अली त्याचा मौला' असं जाहीर केलं (मौला म्हणजे धनी किंवा मित्र, दोन्ही). सुन्नीही ही हदीस मानतात, पण तिच्यात वारसाची नेमणूक वाचत नाहीत. शियांच्या दृष्टीनं इमाम, म्हणजे समाजाचा नेता, पुढच्या इमामाला नेमून जातो, ती नेमणूक म्हणजे नस्स. बोहरा समाजात इमाम पडद्याआड आहेत आणि त्यांच्या वतीनं दाई, म्हणजे धर्मप्रमुख, काम पाहतात, तिथेही नस्सच चालतं. नस्स झालं होतं की नाही यावरचा एक दावा मुंबई उच्च न्यायालयात २०१४ पासून दहा वर्षं चालला. मतमोजणी नसली तरी पुरावा द्यावा लागतोच.

तिसरं टोक खवारिज या सुरुवातीच्या बंडखोर पंथाचं. त्यांचं म्हणणं, लायक असेल तर कोणीही, अगदी हबशी गुलामसुद्धा इमाम होऊ शकतो. सुन्नी विद्वानांनी मात्र कुरैश, म्हणजे पैगंबरांच्या वंशाची अट बराच काळ धरून ठेवली. बगदादचे कायदेपंडित मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी तर किती जणांनी निवडलं म्हणजे निवड पक्की, याचीही मतं नोंदवली आहेत: कोणी म्हणतं पाच, कोणी म्हणतं लग्नाच्या कराराप्रमाणे एक लावणारा आणि दोन साक्षीदार, असे तीन, कोणी म्हणतं एक पुरे. तर्कटरावांना हे आवडेल, कारण मावर्दी लिहीत होते तेव्हा खलिफा बगदादच्या महालात होता आणि सत्ता सरदारांच्या हातात.

पाचपाखाडीची_मारिया

आमच्याकडे आकड्यांचा घोळ छप्पर उडवून मिटला. १२६८ मध्ये पोप वारले, कार्डिनल विटर्बोला जमले आणि जवळजवळ तीन वर्षं एकमत होईना. गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं, जेवण कमी केलं, वाड्याचं छप्पर काढलं. तेव्हा कुठे दहावा ग्रेगरी निवडला गेला, आणि त्यानंच १२७४ मध्ये कोंडून ठेवायचा नियम केला.

राजांच्या बाबतीत जर्मनीत १३५६ च्या फर्मानानं सात निर्वाचक ठरवले: तीन आर्चबिशप आणि चार संस्थानिक. इंग्लंडमध्ये निवड नाही, पण तेल शमुवेलाच्या गोष्टीतलंच. मे २०२३ मध्ये चार्ल्स राजाला लावलेलं तेल जैतुनाच्या डोंगरावरच्या फळांचं, यरुशलेमला आशीर्वादित केलेलं. सगळा सोहळा टीव्हीवर दिसला, फक्त तेल लावताना भोवती पडदे धरले.

चिठ्ठीप्रेमींसाठी: इजिप्तच्या कॉप्टिक मंडळीत २०१२ मध्ये आधी मतदान करून तीन नावं ठेवली, मग डोळे बांधलेल्या एका मुलानं काचेच्या पात्रातून एक उचललं. तेच आजचे पोप तवाद्रोस.

नौपाडेकर_नाना

धागा माझ्या अपेक्षेच्या फार पुढे गेला, सगळ्यांचे आभार. ही कॉप्टिक तऱ्हा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटली: लोकांनी तीनपर्यंत आणायचं, शेवटचं बोट देवाचं.

माझं मत थोडं पुढे सरकवतो. 'देवानं नेमला' म्हणणाऱ्यांनाही लोकांसमोर येऊन काहीतरी होकार घ्यावाच लागला. गिलगाल म्हणा, शखेम म्हणा, बैअत म्हणा. दावीदाला तर बेथलेहेमात लहानपणीच तेल लागलं होतं, तरी हेब्रोनला यहूदा वंशाच्या लोकांनी वेगळा आणि पुढे इस्राएलच्या वडिलांनी करार करून तिसरा अभिषेक केला. नुसत्या पहिल्या तेलावर भागलं नाही.

पण तर्कटरावांचा मुद्दा मला वेगळ्या जागी बोचतो. आणायचं कसं हे सगळे सांगतायत. नको झालेला काढायचा कसा?

पाचपाखाडीची_मारिया

पोप सातव्या ग्रेगरीनं १०७६ मध्ये जर्मनीचा राजा चौथा हेन्री याला बहिष्कृत करून प्रजेला त्याच्या शपथेतून मोकळं केलं. १०७७ च्या जानेवारीत हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस थंडीत क्षमा मागत उभा राहिला. एवढंच सगळे सांगतात. पुढचं असं की १०८४ मध्ये हेन्रीनं रोम घेतलं, आपला पोप बसवला आणि ग्रेगरी परागंदा होऊन सालेर्नोला वारला.

कौसा_कट्टा

उस्मान यांना बंडखोरांनी पद सोडायला सांगितलं, तेव्हा अल्लाहनं घातलेला अंगरखा मी उतरवणार नाही, असं ते म्हणाल्याचं सांगतात. त्यांची हत्या झाली आणि यादवी सुरू झाली. त्या धसक्यानं पुढचे बरेच विद्वान म्हणाले, पापाच्या हुकमाचं पालन करू नका, पण तलवारही उपसू नका. मावर्दी दृष्टी गेली, वेड लागलं, न्यायबुद्धी सुटली तर पद जातं म्हणतात; पण तसं जाहीर कोणी करायचं, यावर त्यांच्याकडे यंत्रणा नाही. आज इराणच्या घटनेत तज्ज्ञांच्या सभेला सर्वोच्च नेत्याला काढायचा अधिकार लिहिलेला आहे. ८८ सभासद, लोकांनी निवडलेले, पण उमेदवार आधी चाळणीतून गेलेले.

शनिवारतेली

शौलाला तर देवानंच काढलं, शमुवेलानं तोंडावर सांगितलं, राज्य तुझ्याकडून फाडून घेतलंय. तरी तो मरेपर्यंत गादीवरच. एन-गेदीच्या गुहेत दावीदाच्या हातात तो आयता सापडला, तेव्हा दावीदानं झग्याचा काठ तेवढा कापला आणि माणसांना मागे रेटलं: हा देवाचा अभिषिक्त आहे, याला हात लावायचा नाही.

तर्कटराव

अहो, दावीद स्वतः पुढचा अभिषिक्त होता! अभिषिक्ताला हात लावायचा नाही, हा नियम त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला सोयीचा होता? बाकी रविवारी बोलू. मी तिखटवाला आहे, सायलीताईंनी आधीच नोंद घ्यावी.